दामूकाकांची सपोर्टगाडी

"गाडी ढकलता येती काय?"

दामूकाकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी किन्हवलीत भाड्याची खोली शोधत फिरत होतो. आसनगावच्या बाजूला एका कंपनीत पॅकिंगचं काम लागलं होतं. खांद्यावर बॅग होती. तोवर ज्या ज्या दारात गेलो तिथे एकच चौकशी. शिकलास किती, लग्न झालंय का, इकडे ओळखीचं कोण. शिक्षण आठवी, तीही अर्धी. लग्न नाही. ओळखीचं कोणी नाही. एवढं ऐकलं की समोरचा माणूस दार हळूच पुढे लोटायचा. काकांनी यातलं काहीच विचारलं नाही. मी म्हणालो, "येते."

"मंग बॅग ठेव आन् मागून लाग."

मी बॅग ठेवली आणि मागून लागलो. खोली आपल्याला मिळाली आहे हे मला संध्याकाळी चहाबरोबर कळलं.

ढकलायची होती ती दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची, बिनछपराची विलायती स्पोर्ट्स कार. कधीकाळी लाल असावी. गावात सगळे तिला 'सपोर्टकार' म्हणायचे आणि काकांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. "बरोबरच हाय," ते म्हणायचे, "सपोर्ट दिल्याबिगर हालत नाय." माझं गाव बसमत आहे हे कळल्यावर ते एवढे हसले की त्यांना पायरीवर बसावं लागलं. "गावाचं नावच 'बस मत!' मंग बसतोस कशाला? ढकल." तेव्हापासून मी त्यांच्यासाठी बसमत झालो. माझं खरं नाव त्यांनी एकदा विचारलं होतं, पण नंतर ते विसरले.

काका भातसानगरला धरणावर नोकरीला होते. धरणाचे दरवाजे उचलणाऱ्या यंत्रांना वंगण लावायचं हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी हात थांबला नव्हता. दाराच्या कड्या, खाटेचे पाय, सायकल, रहाट, सगळं ग्रीसनं माखलेलं. माझ्या खोलीची कडी इतकी गुळगुळीत होती की घाईच्या वेळी बोटं घसरून मी स्वतःच्याच खोलीत अडकायचो. "वंगण कमी पडलं का लोखंड बोंबलतं," ते म्हणायचे, "आन् माणूस रुसतो."

रुसलेलं माणूस म्हणजे त्यांची थोरली बहीण, मुरबाडला दिलेली सोनूआत्या. काकांनी लग्न केलं नव्हतं. एकट्या भावाच्या घरात दूध असावं म्हणून आत्यानं आपल्या गोठ्यातली एक पारडी त्यांना दिली. तिची पुढे चंद्री नावाची नामी म्हैस झाली. धरणाच्या पाण्याकडेला एका मुंबईच्या शेटचं फार्महाऊस होतं. तिथे ही गाडी चिंचेखाली वर्षानुवर्षं पडून होती आणि स्टिअरिंगखाली कोंबड्या अंडी घालत होत्या. शेटला ताज्या दुधाची हौस आली आणि काकांना गाडीची. दोघांनी अदलाबदल केली आणि समोरचा येडा आहे असं मनात म्हणत दोघेही खुशीत घरी गेले.

हे कळताच आत्या तशीच मुरबाडहून आली. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहून म्हणाली, "म्हशीच्या बदल्यात पत्रा आणलास, दाम्या. हा पत्रा सोताच्या चाकांवर माझ्या दारात येल, तवा बोलन तुझ्याशी. तवर तुझ्या घरचं पाणी पिणार नाय." आणि आल्या पावली परत गेली. त्यानंतर दर भाऊबीजेला काका टमटमवाल्याबरोबर साडी पाठवायचे आणि आत्या त्याच टमटमनं ती परत पाठवायची. एक जांभळी साडी इतक्या वेळा मुरबाडला जाऊन आली होती की टमटमवाला तिला पासिंजर म्हणायचा.

म्हणजे काकांना गाडीतून मिरवायचं नव्हतं. त्यांना ती मुरबाडला न्यायची होती, एका दारापर्यंत.

त्यासाठी त्यांचं 'अपगिरेड' चालायचं. गाडी बुटकी म्हणून आमच्या रस्त्यावर पोट घासायची. काकांनी मागे टमटमच्या स्प्रिंगा बसवल्या. पुढच्या मिळाल्या नाहीत. त्यामुळे गाडी मागून उंच आणि पुढून खाली, कायम कुणाला तरी वाकून नमस्कार करत असल्यासारखी दिसे. सीट खाटेच्या नायलॉनच्या पट्टीनं विणल्या. सायलेन्सरला बोअरवेलच्या पाइपाचा तुकडा लावला, तेव्हापासून गाडी सुरू झाली की शाळेतली पोरं पाटीदप्तर सोडून खिडकीत यायची. आणि छप्पर म्हणून बांबूच्या कामट्या आणि पळसाची पानं विणून मोठं इरलं केलं, भातलावणीच्या वेळी बाया पाठीवर घेत ना, तसंच. "बायांना पाणी लागत नाय, तर गाडीला कसं लागल?" असं म्हणत काकांनी ते सुतळीनं गाडीवर बांधून टाकलं.

मी मुळात भित्रा. कामावर निघालो की गॅस बंद केला का म्हणून अर्ध्या वाटेतून परत येणारा. घरून फोन आला की आधी वाईट बातमीची तयारी करतो, मग तो उचलतो. पहिल्यांदा काकांनी मला शेजारी बसवून उतारावरून गाडी सोडली तेव्हा मी डोळे मिटून कुलदैवतापासून कंपनीच्या सुपरवायझरपर्यंत सगळ्यांची नावं घेतली. काका शांतपणे म्हणाले, "गाडीत घाबरायचं नाय. घाबरायचं ते उतरल्यावर. दोघंबी घाबरलो तर चालवल कोण?" पुढे ते हेच मला सगळीकडे सांगू लागले. पगार अडकला, गावाकडे आई आजारी पडली, सुपरवायझरनं बोलावलं. "काम उरकून ये, मंग घाबर." आणि खरं सांगायचं तर काम उरकून आल्यावर बहुतेक वेळा घाबरायचं राहूनच जायचं.

एका हिवाळ्यात इंजिन बरं चालायला लागलं. आता काकांच्या मते फक्त रंग बाकी होता. डंपरवाल्यांना लांबून दिसावी म्हणून काकांनी पिवळा ठरवला. त्या रंगाला ते 'हलद' म्हणायचे. "परवा हलद लावू," म्हणाले, "फक्त वरून आंब्याची पानं पडतील. मांडववाल्याकडं जा आन् मांडव सांग."

आता आमच्या बसमतला हळद म्हणजे आधी पीक. ती काढायची, शिजवायची, वाळवायची, बाजारात न्यायची. इकडे लग्नातली हळद म्हणजे केवढा सोहळा असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. लग्नापेक्षा हळद मोठी, लग्नाला एखादा नाही आला तरी चालेल पण हळदीला अख्खं गाव येतं, हे मला मागाहून समजलं. मी मांडववाल्याकडे गेलो आणि काकांचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"परवा दामूकाकांकडे हळद आहे. मांडव पाहिजे."

मांडववाल्यानं चहाचा कप खाली ठेवला. "कोणाची हलद?"

"काका स्वतःच लावून घेणार आहेत."

"सोता? या वयात?" त्यानं खुर्ची जवळ ओढली. "कुठची हाय?"

"मुंबईची. बरीच वर्षं चिंचेखाली पडून होती."

"अरेरे. वयानं?"

"जुनीच आहे. पण काका म्हणतात, बॉडी अजून मजबूत आहे. जरा ढकलावी लागते, एवढंच."

मांडववाल्यानं मांडव तर दिलाच, वर झालर आणि झुंबरही दिलं. मला वाटलं, किती प्रेमळ माणसं आहेत इकडे.

परवाच्या दिवशी काका चड्डीवर, पाठीला फवारणीचा पंप लावून, नळीतून ऑइलपेंट उडवत होते. वारा उलटा होता. गाडीवर जेवढा रंग बसला त्याहून जास्त काकांच्या तोंडावर, छातीवर आणि कानांवर बसला होता. तेवढ्यात रस्त्यावर बँड वाजायला लागला. बघतो तर अख्खं गाव दारात. बाया नव्या साड्या नेसून, हातात हळदीची वाटी घेऊन, आणि सगळ्यांच्या पुढे लग्नाची गाणी म्हणणारी म्हातारी. नवरदेव तर आधीच पायापासून डोक्यापर्यंत पिवळा झालेला. म्हातारीनं कौतुकानं मान हलवली आणि गाणं सुरू केलं.

काका पंप बंद करून म्हणाले, "कोणाचं लगीन?"

"तुमचं," बँडवाला म्हणाला.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली. खोली गेली, मग नोकरी, मग बसमतची गाडी, हे सगळं मी तिथेच उभ्या उभ्या पार केलं. आणि त्याच वेळी दारात टमटम थांबली. सोनूआत्या उतरली. बातमी सरळगावमार्गे मुरबाडला पोचली होती. आत्याच्या एका हातात नवरीसाठी साडी होती आणि दुसऱ्या हातानं ती डोळे पुसत होती. एवढ्या वर्षांनी ती भावाच्या अंगणात पाय ठेवत होती.

"मला न सांगता लगीन करतंस, दाम्या? मेली होती काय मी?"

"बाय गो, ऐक..."

"नवरी कुठाय?"

बँड थांबला. काकांनी नळी धरलेल्या हातानं मांडवाखाली दाखवलं. ओली, पिवळी, ठिपक्याठिपक्यांची गाडी खाली वाकून उभी होती, खरंच नव्या सुनेनं पाया पडावं तशी.

आत्यानं गाडीभोवती एक फेरी मारली. कोणी हसत नव्हतं, सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. मग ती म्हणाली, "चालती काय?"

"चालती," काका म्हणाले. "थांबायचं बघतोय."

"मी बोलली होती, ही माझ्या दारात येल तवा बोलन. आता मीच हिच्या दारात आली. बोलू का नको?"

"बोल ना गो."

मग आत्या बोलली. साठलेलं सगळं बोलली. चंद्रीचं, साडीचं, एकट्या राहणाऱ्या भावाचं, सगळं. काका मान खाली घालून ऐकत होते आणि त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून रंग टपकत होता. दमल्यावर आत्यानं पाणी मागितलं. काका आत धावले आणि कडीवरून त्यांचा हात घसरला, त्यांच्याच ग्रीसमुळे. तेव्हा आत्या पहिल्यांदा हसली.

हळदीला आलेलं माणूस उपाशी परत जात नाही. आत्यानं पदर खोचला, शेजारणींकडून तांदूळ आणि सुकट मागवली, आणि आम्ही सगळे मांडवात पंगतीला बसलो. निघताना बाया म्हणाल्या, वाटीतली हळद फुकट कशाला घालवायची. म्हणून आत्यानं ती गाडीच्या बॉनेटला लावली. रंग ओला होता. तिची पाचही बोटं त्यात उमटली. "मोडलंस," काका ओरडले, पण तो भाग त्यांनी पुन्हा कधी रंगवला नाही.

आत्या त्या दिवशी राहिली. सकाळी म्हणाली, "माझा शबुद बाकी हाय. हिच्यातच सोड मला, दारापर्यंत." सीट दोनच. मी मागे डिकीत बसून दोन्ही हातांनी इरलं धरून ठेवलं, कारण ते वाऱ्यानं उडायला बघत होतं. सरळगावला लोकांनी दुकानातून बाहेर येऊन आमच्याकडे बघितलं. एक कुत्रं सोबतीला आलं, पण थोड्या वेळानं कंटाळून परत गेलं. मुरबाडच्या अलीकडे आत्याचं घर दिसलं. काकांनी ब्रेक दाबला. आत्याचं घर जवळ आलं, शेजारून गेलं आणि मागे पडलं.

"दाम्या, माझं घर गेलं रे."

"बघतोय मी."

पुढे पेंढ्याची उडवी होती. गाडी त्यात बॉनेटपर्यंत शिरली आणि शांत झाली. बाजूला बांधलेल्या आत्याच्या म्हशीनं तोंड पुढे केलं आणि आमच्या छपराची पानं खायला सुरुवात केली. आत्या केसांतला पेंढा काढत खाली उतरली. काका स्टिअरिंग धरून तसेच बसले होते. त्यांनी हळूच विचारलं, "दारात आली म्हनायची का नाय?"

"दारावरून आली," आत्या म्हणाली. "पुढं गेली ती तुझी हौस. उतर, चहा करते."

मग काका उतरले. उडवीला टेकून ते मला म्हणाले, "आता घाबरलो, बसमत."

त्यानंतर दर भाऊबीजेला आम्ही तिघं. काका चालवायचे, आत्या शेजारी, मी डिकीत. काका तिला आणायला जायचे आणि सोडायलाही. उडवी आत्या मुद्दाम त्याच जागी रचायला लावायची.

यंदा पावसानंतर काका गेले. दुपारी खाटेवर पडले होते, ग्रीसचा डबा उशाशी, तसेच गेले. दिवाळीला कंपनीनं एकच सुट्टी दिली. बसमतला जाऊन येणं शक्य नव्हतं. भाऊबीजेच्या सकाळी मी गाडीवरची धूळ पुसत होतो, बोटांच्या खुणा सांभाळून, तर दारात टमटम थांबली. आत्या उतरली, अंगावर ती जांभळी साडी. आली आणि सरळ काकांच्या जागेवर बसली.

"मुरबाडला जेवण करून ठेवलंय," ती म्हणाली. "लाग मागून."

"आत्या, तुम्हाला चालवता येते?"

"इतकी वर्षं शेजारी बसून बघितलंय ना."

"पण ब्रेक..."

"उडवी हाय."

"आत्या, मला भीती वाटते."

तिनं आरशात बघून पदर नीट केला. "आत्ता नाय," ती म्हणाली. "घाबरायचं ते उतरल्यावर."

मी फडकं ठेवलं आणि मागून लागलो.