स्प्रिंग कडक, स्प्रिंग ढिली

त्या दिवशी मी मेथी निवडत होते. भोसरीचे धोंडिबा सायकलवरून आले आणि दारातच थांबले. मिशनच्या शाळेत पियानो दुरुस्त करता करता आमचे हे गेले होते.

नंतर जो भेटायला येई, तो डोळे पुसत बसे आणि यांचा एखादा किस्सा सांगून उठे. किस्से साठत गेले. पियानो मात्र अर्धाच राहिला होता, आणि नाताळात मुलांना त्यावर गायचं होतं.

*

हे मुळात हार्मोनियमवाले. पट्टी ढिली पडली की स्प्रिंग कडक करायची, एवढं ठाऊक. त्यांनी पियानोच्याही सगळ्या स्प्रिंगा कडक केल्या! एकदा दाबलं की हातोडी उसळून तारेवर दोनदा आपटायची.

शाळेच्या सिस्टर म्हणाल्या, "भास्करराव, इथं सगळं दोनदा सांगावं लागतं, हे याला कुणी शिकवलं?"

मग यांनी सगळ्या ढिल्या केल्या. आता भराभर वाजवलं तर एकदा आवाज, पुढे गप्प!

सिस्टर म्हणाल्या, "झाला! अगदी आमच्या चौथीच्या वर्गासारखा झाला!"

*

धोंडिबा कारखान्यात फिटर. मित्राला मदत म्हणून त्यांनी स्प्रिंगांना मशीनचं तेल घातलं. आतल्या नमद्यानं, म्हणजे लोकरीच्या जाड थरानं, ते पिऊन टाकलं आणि पट्ट्या चिकटल्या.

"अरे धोंडिबा, हे काय मशीन आहे?"

"न्हाई तर काय राव! आमच्या खात्यात बी एवढ्या स्प्रिंगा न्हाईत!"

*

मी पट्टी दाबून हळूच सोडायची, यांनी हातोडी बघायची. अलगद वर आली तर ठीक. उडी मारली तर स्प्रिंग कडक, बसून राहिली तर ढिली. तासन् तास आम्ही एक शब्द बोलत नसू.

सिस्टरनी काळजीनं विचारलं, "भांडण झालंय का?"

"छे! भांडतो तेव्हा बोलतो!"

*

तेराव्यानंतर मी शाळेत गेले. आता स्प्रिंग मी वाकवायची, पट्टी धोंडिबांनी दाबायची. ते अखंड बोलत.

"वैनी, उठली बगा! काय झ्याक उठली!"

नाताळात मुलं गायली. सिस्टरनी भराभर वाजवलं आणि हातोड्या पाठोपाठ उठत गेल्या. धोंडिबा मागं उभे राहून जोरात टाळ्या वाजवत होते, गाणं संपायच्या आधीच!

सगळे गेल्यावर ते उजव्या टोकाच्या पट्टीकडे बोट दाखवून म्हणाले, "वैनी, ही येक ऱ्हायली की. भाऊ त्या दिवशी हिच्यावरच व्हते."

"हो," मी म्हटलं.

ती मी अजून केलेली नाही.