कडूबाची सावड, झुंबरबाईचं रान

धावड्याची झुंबरबाई निंदायला बसली की मागं गवताची काडी राहत नसे. राहिलीच, तर स्वतः मागं फिरायची. जीभ मात्र खुरप्याहून धारदार.

१९९८च्या भादव्यात तिचा दीर कडूबा याच्या मिरचीवर बोकड्या रोग पडला. पानं चुरडली, वाटीसारखी वळली. बांधाला लागून झुंबरबाईची अर्धा एकर मिरची होती, अजून साफ. तिचं वर्ष त्याच मिरचीवर होतं.

कृषी सहायक बद्रीनाथ म्हणाला, "हा विषाणू आहे. पांढरी माशी पसरवते. रोगट झाडं उपटा."

"हिरवी झाडं उपटू? फवारतो ना," कडूबा म्हणाला.

"फवाऱ्यानं माशी मरेल, आतला विषाणू नाही. त्याला स्वतःची प्रथिनं बनवता येत नाहीत. झाडाच्या पेशीत प्रथिनं बनवणारी बारीक यंत्रं असतात. हा आत शिरतो आणि आपला हुकूम त्यांच्यापुढं टाकतो. हुकूम कुणाचा, हे यंत्र विचारत नाही. सामान पेशीचं, राबणं पेशीचं, माल विषाणूचा."

कडूबानं जांभई दिली. झुंबरबाईनं नाही.

चार दिवसांनी कडूबाची सावड होती. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. ज्याचं रान, त्याची भाकर. खुरपी आणि भाकरीची दुरडी बांधावर ठेवून कडूबा फवाऱ्याचं औषध आणायला पिंपळगावला गेला. बारा बाया जमल्या. कामाला लावणारी नेहमीची झुंबरबाईच.

"आज बांधाच्या पल्याड बसा गं."

बाया एकमेकींकडं बघून हसल्या आणि बसल्या. कडूबाच्या खुरप्यांनी, कडूबाच्या भाकरीवर, दुपारपर्यंत झुंबरबाईचं रान लख्ख झालं.

कडूबा आला अन् ओरडला, "वहिनी! सावड माझी, भाकर माझी, अन् रान तुमचं?"

"हुकूम कुणाचा, कुणी इचारलंच न्हाई, भावजी. तुमच्या पानात हेच चालू हाये. तुम्ही खत-पाणी देऊन राह्यले, आतली यंत्रं बोकड्याचं काम करून राह्यली."

त्याची बायको सोनूबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "बद्रीनाथनं सांगितलं तवा समजलं न्हाई. भाकर गेली, मंग बराबर समजलं."

कडूबानं औषधाचा डबा खाली ठेवला. बांधावरच्या पहिल्या रोगट झाडाला हात घातला.

"अन् माझी सावड?"

"फेडते की."

झुंबरबाईच्या रानात पुढं दोनच झाडं चुरडली. ती तिनं दिसली त्याच सकाळी उपटली. बारा बायांचा अर्धा दिवस म्हणजे एका बाईचे सहा दिवस. ती एकटी कडूबाच्या उरलेल्या मिरचीत निंदत राहिली. सातव्या सकाळीही खुरपं घेऊन हजर.

"आता हा दिवस कशाचा?" सोनूबाईनं विचारलं.

"भाकरीचा."