बटण कुणाच्या हाताशी

लंडनच्या उत्तरेला, एजवेअरकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यालगत, स्वस्त भाड्यानं घरं देणाऱ्या हाउसिंग असोसिएशनची एक चार मजली इमारत आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावर एलिशेबाबाई अष्टमकर आणि त्यांचे यजमान गॅब्रिएल राहतात. बाई एकाहत्तर वर्षांच्या. जन्म भायखळ्याचा, बेने इस्राएल म्हणजे मराठी ज्यू घरातला. लग्न होऊन १९८१ साली इकडे आल्या आणि पुढची सव्वीस वर्षं त्यांनी एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत काढली.

ओल्या हवेशी त्यांचं वैर तिथलंच. लाँड्रीत वाफ बाहेर फेकणारा मोठा पंखा होता, पण त्याचं बटण सुपरवायझरच्या केबिनमध्ये. साहेब कुलूप लावून जेवायला गेले, की इस्त्रीच्या टेबलापाशी बाया खोकत बसायच्या. एलिशेबाबाई भांडल्या नाहीत. रोज सकाळी केबिनच्या दारात उभं राहून एकच वाक्य बोलायच्या, "सर, बटण बाहेर पाहिजे." सात आठवड्यांनी इलेक्ट्रिशियन आला आणि बटण टेबलाशेजारच्या भिंतीवर आलं.

दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांच्या स्वतःच्या बेडरूममध्ये, कपाटामागे, काळी बुरशी धरली. गॅब्रिएल तेव्हा शहात्तरचे. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, फुप्फुसं आधीच अधू. त्या जानेवारीत न्यूमोनिया होऊन आठ दिवस हॉस्पिटलात होते. घरी आल्यावर असोसिएशननं व्हेंटिलेशन बसवून दिलं. पॅसेजमधल्या कपाटात एक पंखा, त्यातून किचनला आणि बाथरूमला पाइप. दिवसरात्र हळू चालून घरातली दमट हवा बाहेर टाकायची, हे त्याचं काम. बटण मात्र कपाटाच्या दारावर, हात पुरणार नाही इतकं उंच.

गॅब्रिएल काठीच्या टोकानं ते बंद करायचे. बाई झाडूच्या दांड्यानं चालू करायच्या. वर्षभर हेच चाललं.

"अहो, परत बंद केलात?"

"कानाशी कुणी सारखं घूं घूं करतंय. वर पाठीला गार वारा."

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टर या खुर्चीत बसत नाहीत."

नोव्हेंबरात कपाटामागे बुरशी परत दिसली. बाईंनी नवऱ्याला दाखवली नाही. फोनवर फोटो काढला आणि असोसिएशनला कळवलं.

आठवड्याभरात ईशिता आली. स्लाऊमध्ये जन्मलेली, तिशीतली, व्हेंटिलेशनची कामं करणारी इलेक्ट्रिशियन. दारावरचं नाव वाचून तिनं इंग्लिशमध्ये नमस्कार केला, पण बाईंनी आत वळून नवऱ्याला म्हटलेलं "अहो, माणूस आलंय" ऐकलं आणि तिचा चेहरा उजळला.

"तुम्ही मराठी? माझा आई पुण्याची आहे!"

"माझी आई," बाई हसून म्हणाल्या. "ये बाळा, बूट राहू देत."

ईशितानं किचनच्या जाळीला हवेचा वेग मोजणारं नरसाळ्यासारखं एक मीटर लावलं, आकडा बघितला, पुन्हा लावलं. "आँटी, हा तर फुल स्पीडवर आहे. कायमच. याला स्लो कोणी केलाच नाही." बसवणारे वेग न जुळवताच निघून गेले होते. अंघोळीनंतर जेमतेम अर्धा तास हवा तो जोर, आणि पंखा वर्षभर, चालू असेल तेव्हा, त्याच जोरात धावत होता. त्यातून गॅब्रिएलची खुर्ची नेमकी खिडकीखाली, आणि बाहेरची गार हवा खिडकीच्या वरच्या फटीतून सरळ त्यांच्या मानेवर.

"मी सांगत नव्हतो?" गॅब्रिएल म्हणाले. "आता बंदच करून टाक."

ईशितानं वेग उतरवला. आवाज इतका कमी झाला की घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. मग ती त्यांच्यासमोर स्टुलावर बसली.

"अंकल, आता पण नको आहे? काय नाही आवडत?"

गॅब्रिएलनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली. "पोरी, पस्तीस वर्षं इंजिनाच्या आवाजात काढली मी. आवाजाचं मला काय? पण ते इंजिन मी चालू करायचो, मीच बंद करायचो. आता गोळ्या कुठल्या ते दुसरं कुणी ठरवतं, मीठ किती ते एलिशेबा ठरवते. घरातली हवासुद्धा आता मला न विचारता फिरणार?"

बाई किचनच्या दारात उभ्या होत्या. लाँड्रीतलं ते कुलूप त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. वर्षभर आपण यांच्याशी भांडलो, पण हे एकदाही विचारलं नाही. इथे केबिनच्या आत आपणच बसलो होतो.

"ईशिता," त्या म्हणाल्या, "याचं बटण यांच्या हाताशी आणता येईल? भिंत न फोडता?"

"येईल की! वायर नको, बॅटरी पण नको. बटण दाबलं, की त्या दाबण्यातूनच थोडी वीज तयार होते आणि सिग्नल जातो. पंख्यापाशी एक छोटा रिसीव्हर बसवते. ओल मोजणारा सेन्सर पण लावते, म्हणजे अंघोळीला कोणी विसरलं तरी तो स्वतः जोरात होईल."

पांढरं बटण तिनं साध्या चिकटपट्टीनं गॅब्रिएलच्या खुर्चीच्या उजव्या हातावर लावलं. वरची बाजू दाबली की अर्धा तास जोरात. खालची दाबली की चाळीस मिनिटं पूर्ण शांत, मग पंखा आपणहून हळू सुरू.

"परत बंद करायचा असला तर?"

"परत दाबायचं."

"कितीदा?"

"कितीदा पण, अंकल."

बाईंना वाटलं, हे दिवसभर दाबत बसले तर पुन्हा तीच बुरशी. तोंडावर आलेलं वाक्य त्यांनी गिळलं आणि खुर्ची खिडकीपासून दोन पावलं आत सरकवायला ईशिताला मदत केली.

जाण्यापूर्वी ईशितानं बाईंच्या फोनवरच्या ॲपमध्ये वेळापत्रक लावून दिलं, कारण शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, आणि तेव्हा या घरात कुणी बटणाला हात लावत नाही. शुक्रवारी संध्याकाळी गॅब्रिएल द्राक्षरसाचा पेला हातात घेऊन किद्दुशची प्रार्थना म्हणतात, तेवढा वेळ पंखा आपोआप थांबणार होता.

पहिल्या दिवशी गॅब्रिएलनी खालचं बटण अकरा वेळा दाबलं. ॲपमध्ये सगळं दिसत होतं. बाईंनी बघितलं आणि फोन उलटा ठेवला. दुसऱ्या दिवशी आठ वेळा. आठवडा संपला तेव्हा दोनदा, तेही रेडिओवरच्या बातम्यांपुरतं. आणि एका दुपारी बाई बोंबील तळत असताना बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "एलिशेबा, वास सुटलाय. जोरात करतो गं मी."

"करा, करा," त्या म्हणाल्या, आणि गॅसकडे तोंड करून स्वतःशीच हसल्या.

बुरशी त्यांनी पुसून काढली, कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं, भिंतीला रंग दिला. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. भिंत कोरडी राहिली आणि त्या हिवाळ्यात गॅब्रिएलना हॉस्पिटलात जावं लागलं नाही. फुप्फुसं बरी झाली नाहीत, ती होणार नव्हतीच. पण मार्चमध्ये ते सिनेगॉगपर्यंत पायी गेले. मध्ये एकदाच बाकावर टेकले.

त्या आठवड्यात बाईंनी घरी एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावानं आभाराचा, मलिदा केला. गुळाचे गोड पोहे, ओलं खोबरं, पाच फळं. खालच्या मजल्यावरच्या मिसेस डोनेलींनाही बोलावलं. हातातली वाटी तशीच धरून त्या छताकडे बघत म्हणाल्या, "तुमचा पंखा ओरडत कसा नाही? माझा मी टेप लावून बंद केलाय."

बाईंनी दुसऱ्याच दिवशी घरं मोजायला सुरुवात केली. नऊ घरांत तोच पंखा, आणि त्यातले सहा बंद. गॅब्रिएलनी सुवाच्य अक्षरात यादी लिहिली, कुणाला आवाजाचा त्रास, कुणाला वाऱ्याचा, कुणाचा हात पोचत नाही. असोसिएशनला तीन पत्रं गेली. तिसऱ्याला उत्तर आलं: सगळ्या घरांतले वेग तपासू आणि ज्यांना हवं त्यांना तसं बटण बसवून देऊ.

मे महिन्यात ईशिता चार दिवस इमारतीत होती. बाई बरोबर फिरल्या. मिसेस डोनेलींच्या किचनमध्ये ती हत्यारांची पेटी उघडायला लागली तशी बाईंनी तिला थांबवलं.

"जरा थांब. आधी त्यांना विचारू दे." मग मिसेस डोनेलींसमोर खुर्ची ओढून त्या बसल्या. "सांगा बघू, दिवसातला जास्त वेळ तुम्ही कुठे असता?"

मिसेस डोनेलींनी खिडकीपाशी ठेवलेल्या शिवणयंत्राकडे बोट दाखवलं, आणि ईशिता बटण आणि चिकटपट्टी घेऊन तिकडे गेली.