रिठ्याच्या पाण्यातल्या पाटल्या

दहा ऑक्टोबर. दिवाळीआधी सोनं रिठ्याच्या पाण्यात घासायला घेतलं, आणि त्या कडवट वासाबरोबर २०१७ सालची आयर्लंडमधल्या लिक्सलिपच्या घरातली संध्याकाळ आठवली. मागच्या गल्लीतल्या एका तेलुगू कुटुंबाचं सोनं चोरीला गेलं होतं, म्हणून पोलिसांचा एक डिटेक्टिव्ह तिथल्या भारतीय लोकांच्या घरी सूचना देत फिरत होता. तो आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला, तेव्हा ओट्यावरच्या पातेल्यात, तपकिरी फेसाखाली, माझ्या पाटल्या आणि मोहनमाळ भिजत होती. चहाला "ग्रँड" म्हणून त्यानं सहज विचारावं तसं विचारलं, "तुम्ही दागिने कुठे ठेवता?" आदल्याच दिवशी आम्ही एक फ्रेंच सिनेमा पाहिला होता. त्यात तपास करणारा पोलीसच चोरांना घरं दाखवत होता. नवरा तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हटलं, "सगळं पुण्यात, बँकेच्या लॉकरमध्ये." त्याची नजर पातेल्याकडे गेली. "आणि हे काय?" "केस धुवायचं पाणी." त्यानं माझ्या बॉयकटकडे जरा जास्तच वेळ बघितलं, मग हसून म्हणाला, "मागचं दार लावत जा," आणि गेला. "अगं, पोलीस होता तो! सिनेमे फार बघतेस तू," नवरा म्हणाला. "बघतो दोघं, लक्षात मी एकटी ठेवते." तो माणूस सरळ होता की नव्हता, हे मला आजही सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मी पाटल्या, मोहनमाळ, सगळं अंगावर चढवलं, वरून जाड स्वेटर घातला आणि ऑफिसला गेले.