चालू गाडीचं सामान

कॅमेरा हातात दिला की कुणीही तो आधी डोळ्याला लावतो. नाना कानाला लावायचे. डोळे मिटून खटका दाबायचे, चावी फिरवायचे, पुन्हा दाबायचे. आपण काही सांगायला गेलो की एक बोट वर व्हायचं. "तू थांब. पहिले तिले बोलू दे."

ती म्हणजे गाडी. कॅमेऱ्याला ते गाडीच म्हणत. धुळ्याच्या बस डेपोत मेकॅनिक म्हणून हयात गेलेली, त्यामुळे जगातली प्रत्येक बिघडलेली वस्तू त्यांच्या लेखी गाडीच होती. मी जळगावच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेली बाई. मला गप्प बसवणारा माणूस अजून जन्मायचा आहे असं आमच्या घरात म्हणतात. नानांनी पहिल्या पाच मिनिटांत मला तीनदा गप्प बसवलं.

निवृत्त झाल्यावर ते घरच्या पडवीत बसून रीळवाले जुने कॅमेरे दुरुस्त करत. त्यांचे हात पाहिले असते तर तुम्हीही घाबरला असता. त्या हातात दोन हात लांबीचा पान्हाच शोभावा. पण जिऱ्याएवढा स्क्रू त्यांच्या बोटांत आला की सुईत दोरा ओवणाऱ्या बाईसारखी ती बोटं हळू होत.

या कॅमेऱ्यांचं सामान आता कुठेच बनत नाही. मग मेलेल्या कॅमेऱ्यांचं काढून जिवंतांना लावायचं. नानांच्या खाटेखाली एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात असे मेलेले कॅमेरे. शिरपूरच्या बंद पडलेल्या स्टुडिओतले दोन, पहूरच्या एका फॉरेस्ट गार्डचा एक, अमळनेरच्या कुणा प्राध्यापकाचा एक. मालकांची नावं नानांच्या लक्षात राहत नसत, गावं मात्र पक्की. कोणताही भाग बसवला की ते कॅमेऱ्याचा तळ लावण्याआधी आत एक इवलीशी चिठ्ठी सरकवत. बसच्या पाटीवर असतं तसं तिच्यावर लिहिलेलं असे: शिरपूर–अमळनेर, नाहीतर पहूर–धुळे. सामान कुठून निघालं आणि कुठे पोचलं. चिठ्ठी पुढच्या मेकॅनिकसाठी असते, मालकाने बघायची नसते, हेही त्यांनी मला बजावलं होतं.

डेपोतला आणखी एक नियम त्यांनी घरी आणला होता. उभ्या राहिलेल्या बसचं सामान दुसरीला लावायला हरकत नाही, पण रस्त्यावर धावणाऱ्या बसला हात लावायचा नाही. "चालू गाडीनं सामान काढानं नही," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून निदान दहा वेळा ऐकलं. पहिल्यांदा ऐकलं ते भिंतीकडे बघताना. तिथे खुंटीला चामडी पाकिटात त्यांचा स्वतःचा कॅमेरा टांगलेला होता, मी दुरुस्तीला नेलेल्या माझ्या वडिलांच्या कॅमेऱ्याची अगदी जुळी बहीण. माझी नजर तिकडे गेलेली त्यांना दिसली असावी.

तो कॅमेरा वर्षातून एकदाच खाली उतरे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आली की अंगणातल्या निंबाला झोका बांधायचा आणि झोक्यावरच्या लेकीचा एक फोटो काढायचा. लेक परकरात होती तेव्हापासूनचे ते फोटो अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, एका वहीत ओळीने चिकटवले होते. झोका तोच, निंब तोच, लेकीच्या केसांत मात्र शेवटी शेवटी पांढरं दिसू लागलेलं.

नाना स्क्रू ठेवायचे कणकेच्या उंड्यात. अक्कांच्या परातीतला एक उंडा उचलायचा, चपटा करायचा आणि काढलेले स्क्रू त्यात क्रमाने टोचायचे, म्हणजे घरंगळत नाहीत. एकदा ते पाणी प्यायला उठले आणि अक्कांनी पडवीत राहिलेला उंडा सवयीने उचलून परातीत टाकला. त्या दिवशी मी जेवायला होते. दुसऱ्या पोळीला माझ्या दाताखाली खट्ट झालं. अक्का धावत आल्या, दात दुखावला का विचारू लागल्या. नाना माझ्या तळहातावर वाकून म्हणाले, "दात ऱ्हाऊ दे, स्क्रू धड शे का?" मग आम्ही तिघांनी उरलेल्या पोळ्या कुस्करून बाकीचे तीन शोधले. मी रागावणार होते, पण अक्कांना हसू आवरेना, मग मलाही आवरेना.

आता माझ्या कॅमेऱ्याचं सांगते. वडिलांनी त्याने साऱ्या भावकीचे फोटो काढले. बारशी, लग्नं, नवीन विहीर, गाभण म्हैस. आमच्या आईचा एकटीचा फोटो मात्र एकही नाही. प्रत्येक फोटोत ती कुणाला तरी वाढते आहे, नाहीतर पाठमोरी. चौऱ्याऐंशीव्या वर्षी ती अंथरुणाला खिळली आणि एक दिवस म्हणाली, माझा एकटीचा एक काढ, पण ह्यांच्याच कॅमेऱ्याने काढ. मोबाईल पुढे केला की ती चादर तोंडावर घ्यायची. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून फार दिवस नाहीत असं सांगितलं होतं. म्हणून मी धुळ्याला गेले होते.

नानांनी ऐकून निदान केलं: शटरचा पडदा उघडतो पण मिटत नाही, त्याची स्प्रिंग गेली. तशी स्प्रिंग पेटीत नव्हती. त्यांनी शिरपूरला फोन केले, पहूरला निरोप धाडले. महिना गेला, चैत्र संपत आला. आई दिवसातून बराच वेळ झोपून राहू लागली. मी फोनवर नानांना टाकून बोलले. तुमचं ऐकणं होईपर्यंत माझी आई जाईल, असं म्हणाले. मला ते बोलणं अजून खातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन आला. "ताई, स्प्रिंग भेटनी. लवकर ये."

मी गेले तेव्हा कॅमेरा तयार होता. स्प्रिंग कुठली, मी विचारलं. नाना उंड्यातले स्क्रू गोळा करत होते. "बंद गाडीनी शे," म्हणाले आणि आत पाणी आणायला गेले. भिंतीवर चामडी पाकीट होतं तिथेच होतं.

आईचा फोटो खिडकीशी काढला. तिने जरीकाठी लुगडं मागून घेतलं होतं. फोटो धुऊन आला तेव्हा तिने तो बराच वेळ धरून ठेवला. "मी अशी दिसते होय," ती म्हणाली. "ह्यांनी कधी सांगितलं नाही." ज्येष्ठात ती गेली. एक प्रत मी नानांना पाठवली होती. त्यांनी फोन करून एवढंच सांगितलं, "आई मन्हाकडे देखी राहिनी." आई माझ्याकडे बघते आहे.

त्या हिवाळ्यात नाना गेले. मला कळलं ते तेराव्यानंतर.

आखाजीला त्यांची घागर होती. वर्षात गेलेल्या माणसाच्या नावाने आमच्याकडे त्या दिवशी पाण्याची घागर पूजतात. अक्कांनी बोलावलं म्हणून गेले. पिशवीत कॅमेरा होता, त्या घरी तो नेल्याशिवाय गेले नव्हते कधी. पूजा झाल्यावर लेकीने खुंटीवरचं पाकीट उतरवून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली, "मागच्या आखाजीला नानांनी माझा फोटो काढलाच नाही. रीळ मिळालं नाही म्हणाले. तुम्ही बघता का, चालतो का हा?"

मी तो कानाला लावला. खटका दाबला. पडदा उघडल्याचा आवाज आला. मिटल्याचा आला नाही.

मी नानांचा पेचकस मागून घेतला आणि माझ्याच कॅमेऱ्याचा तळ उघडला. आत चिठ्ठी होती. धुळे–जळगाव. धुळ्यात तसा दुसरा कॅमेरा नव्हता. जन्मभराचा नियम त्यांनी माझ्या आईसाठी मोडला होता, तोही माझं तसलं बोलणं ऐकून. मी त्या पडवीत सगळ्यांसमोर रडले, आणि अक्कांनी काही न विचारता माझ्या पाठीवर हात ठेवला.

ती स्प्रिंग काढून परत बसवणारे हात आता नाहीत. तेव्हा मी चिठ्ठी उलटी केली, शेवटच्या थांब्यावर कंडक्टर पाटी उलटतो तशी, आणि कोऱ्या बाजूला लिहिलं: जळगाव–धुळे. तळ लावला. दुखवट्याचं वर्ष म्हणून झोका बांधलेला नव्हता. लेक निंबाखाली नुसतीच उभी राहिली आणि मी खटका दाबला.

तेव्हापासून दर आखाजीला मी सकाळच्या बसने धुळ्याला जाते. आता झोका असतो. फोटो काढला की कॅमेरा कानाला लावून बघते, पडदा मिटतो आहे ना. अक्का तेवढा वेळ कुणाला बोलू देत नाहीत.