बाररूमचा मुका पंखा

अकोल्यात नवी नवी वकिली करत होतो तेव्हा बाररूमच्या पंख्याची मोटर भरायला एक म्हातारा मिस्त्री यायचा. तार गुंडाळताना तो वेढे मोजायचा. आमच्या सलामाला उत्तर शेवटच्या वेढ्यानंतर मिळायचं.

एका उन्हाळ्यात त्याने पंखा बसवून बटण दाबलं. नेहमीची खडखड ऐकू येईना, तसे आम्ही वकील ओरडलो, "बंदच आहे हा."

त्याने माझ्या फायलीतला कागद पंख्याच्या मागच्या जाळीपाशी धरला. तो चटकन चिकटला. मग पंखा थोडा वेळ चालू देऊन माझा हात मोटरीवर ठेवला. ती गार होती.

"वकीलसाहेब, जे मोटर वरडते अन् तापते, ते वीज फुकट खाते. काम करनारी चूप राह्यते."

दुसऱ्या दिवशी मी हळू आवाजात युक्तिवाद केला. जजसाहेबांनी पहिल्यांदाच मान वर करून ऐकलं.