दुसऱ्या हाकेनंतर

सिम्युलेटर पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी मनातल्या मनात किंचाळले होते. मनातल्या मनात, कारण मोठ्यानं किंचाळणं मला कधी जमलेलंच नाही. विमानतळाच्या पलीकडे एका उंच शेडमध्ये तो सहा पोलादी पायांवर उभा होता. पांढराशुभ्र, बाहेरून बिनखिडक्यांचा, छोट्या घराएवढा खोका. एका अरुंद पुलावरून आत जायचं. मग दार बंद होतं, पूल उचलला जातो, आणि आपण खऱ्याखुऱ्या कॉकपिटमध्ये असतो. तीच बटणं, त्याच खुर्च्या, काचेपलीकडे लांबवर गेलेली धावपट्टी. खोका जागचा हलत नाही, नुसता पायांवर कलतो, हे मला पक्कं माहीत होतं. तरी पहिल्या टेकऑफला पाठ खुर्चीत दाबली गेली आणि हसू आवरायला मला ओठ दाताखाली धरावे लागले.

लहान विमानं उडवायचं लायसन्स माझ्याकडे तोवर आलेलं होतं. आता मोठं प्रवासी विमान शिकायचं होतं. माझी जागा उजवीकडची, सहवैमानिकाची. डावीकडे कॅप्टन. दोघांपैकी एकजण विमान उडवतो, दुसरा पाहतो. हे पाहणं म्हणजे रिकामं बसणं नव्हे. वेग कमी होतोय, विमान हवं त्यापेक्षा झपाट्यानं खाली जातंय, असं काही दिसलं की पाहणाऱ्यानं लगेच मोठ्यानं सांगायचं. एक-दोन शब्दांत. "स्पीड." "सिंक रेट." उडवणाऱ्यानं उत्तर द्यायचं. उत्तर नाही आलं तर पुन्हा सांगायचं. दुसऱ्या हाकेलाही उत्तर नाही, तर समोरचा माणूस शुद्धीवर नाही असंच धरायचं, मग तो कितीही ताठ बसलेला दिसो. "आय हॅव कंट्रोल" म्हणायचं आणि विमान आपल्या हातात घ्यायचं. तो कॅप्टन आहे, वीस वर्षांनी मोठा आहे, हे तिथं बघायचं नाही.

हे सगळं मी वहीत सुंदर अक्षरात लिहून घेतलं होतं. तोंडपाठ होतं.

आणि पहिल्या चाचणीत मी त्यातच नापास झाले.

उतरण्याची तयारी चालू होती. विमान कॅप्टनकडे होतं, पाहणं माझ्याकडे. इंजिनाची ताकद आपोआप सांभाळणारी सोय आमच्या प्रशिक्षकांनी मुद्दाम बंद ठेवली होती. कॅप्टन मान खाली घालून मांडीवरचा नकाशा पाहण्यात गुंतले आणि वेगाचा आकडा उतरू लागला. मला तो पहिल्या क्षणाला दिसला. पाच नॉट कमी. आठ. बारा. मी कॅप्टनकडे पाहत होते. ते मान वर करतील, मग सांगू.

तेवढ्यात सगळं गोठलं. मागच्या खुर्चीवरून प्रशिक्षकांनी सिम्युलेटर थांबवला होता. ते मूळचे जुन्या शहरातले, शालिबंड्याचे, आयुष्यभर विमानं उडवून निवृत्त झालेले. इंग्रजीत शिकवायचे आणि रागावले की दखनीवर यायचे.

"आकडा दिखा था?" त्यांनी विचारलं.

"यस सर."

"कब दिखा?"

"सुरुवातीलाच, सर."

"फिर किसका इंतजार कर रे थे बेटा? हवामें ट्रॅफिक सिग्नल हैं क्या?"

कॅप्टन हसले. मीही हसल्यासारखं केलं. प्रशिक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मग इंग्रजीत, शांतपणे, सांगितलं ते जास्त लागलं. तुझी नजर या बॅचमध्ये सगळ्यांत चांगली आहे, पण न बोललेली नजर कॉकपिटमध्ये काही कामाची नाही. शुक्रवारी पुन्हा चाचणी. त्यात नाही जमलं तर या बॅचमधून नाव कमी होईल.

परत येताना कॅबमध्ये मी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर शोधत होते. किसका इंतजार? नारायणगुडा आलं, घराची गल्ली आली, जिना चढले, दार उघडलं, आणि उत्तर समोरच बसलेलं होतं.

बाबा वकील आहेत. हॉलच्या कोपऱ्यात त्यांचं टेबल. हिरवं रेक्झिन, लाल फितीच्या फायली, पितळी पेपरवेट. बाबा टेबलाशी असले की त्यांना हाक मारायची नाही, असा आमच्या घरचा शिरस्ता. कोणी कधी बोलून दाखवला नाही, तरी तो आहे. टेबलाच्या उजव्या कोपऱ्याशी जाऊन उभं राहायचं. बाबा परिच्छेद संपवतील, पेनाचं टोपण लावतील, चष्म्यावरून पाहतील. मग बोलायचं. प्रगतिपुस्तकावर सही, सहलीचा फॉर्म, पायलट व्हायचंय हे सांगणं, सगळं मी त्या कोपऱ्याशी उभं राहूनच केलं. उभ्या उभ्या मला बरंच वाचता यायला लागलं होतं. पेन कसं धरलंय यावरून आज किती वेळ लागेल, डावा पाय हलतोय म्हणजे केस अडकलीय. माझी नजर चांगली असेल तर ती तिथं तयार झालेली होती. आणि मान वर होईपर्यंत गप्प राहण्याची सवयही तिथलीच. कॅप्टनच्या उजव्या हातालाही मी तशीच उभी होते. फक्त बसून.

जेवताना मी चाचणीचं सांगितलं. टेबलाचं नाही सांगितलं. पण आई शाळेत शिकवते, अर्धवट उत्तर तिला लगेच ओळखू येतं.

"दिसलं, तर बोलली का नाहीस?"

"ते मान वर करतील याची मी वाट पाहत होते."

आईनं भाकरी मोडता मोडता बाबांकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. "घ्या! एवढं कळायला विमान लागलं आपल्याला."

"म्हणजे?" बाबा म्हणाले. "मी घरात कोणाला बोलू देत नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

कोणीच काही बोललं नाही. ती शांतता ऐकू आल्यावर बाबांचाच घास थांबला.

"शुक्रवारला किती दिवस आहेत?" त्यांनी विचारलं.

"चार."

"मग तोवर घरात कॅप्टन मी."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सुलतान बाजारात गेले. एका गल्लीत लग्नाचे आणि वाढदिवसाचे फ्लेक्स छापून देणारं दुकान आहे. कॉकपिटचं चित्र पेनड्राइव्हवर होतं. दुकानदारानं ते स्क्रीनवर मोठं केलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"इत्ते बटनां? सब तुमेइच दबाते?"

"हौ. म्हणजे, शिकतेय."

"कमाल है! ऊपर फोटो किसका डालना?"

"कोणाचाच नाही."

"लीडर का, दुल्हे का, कुछ तो डालते ना जी. खाली खाली दिखता."

मी नको म्हटलं. त्याला ते पटलं नाही, पण फ्लेक्स गुंडाळून देताना त्यानं दुकानातल्या दोघांना सांगितलं की ह्या मॅडम जहाज चलाते. मी मान खाली घालून बाहेर पडले. गौलीगुड्यापर्यंत चालत आले तेव्हा लक्षात आलं, वाट चुकले होते आणि मला भयंकर आनंद झाला होता.

फ्लेक्स मावेल एवढी मोकळी जागा घरात एकच होती, बाबांच्या कायद्याच्या पुस्तकांचं कपाट. त्याच्या दारांवर कॉकपिट चिकटलं. समोर जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या. डावीकडे बाबा, उजवीकडे मी. माझ्या उजव्या हातात केसांचा ब्रश, तो विमानाची काठी. डाव्या हाताशी स्टुलावर दोन वाट्या, ते इंजिनाची ताकद वाढवायचे दोन दांडे. आई स्वयंपाकघरातून आकडे सांगायची, माझ्या वहीतले, पण वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात.

"वेग एकशे पस्तीस! एकशे तीस! एकशे अठ्ठावीस! अगं बोल ना, कुकर होईल माझा!"

"स्पीड," मी म्हणायची.

"ऐकू आलं नाही," बाबा.

"स्पीड."

"आता आलं. पण हा अर्ज झाला, सूचना नाही झाली. शेवटी 'कृपया' असल्यासारखं वाटतं."

बाबांना मजा यायला लागली होती. ते हट्टी कॅप्टन व्हायचे, घाईतले व्हायचे, "मला दिसतंय" म्हणणारे व्हायचे. बुधवारपर्यंत माझा आवाज स्वयंपाकघरात पोचू लागला. फक्त एक गोष्ट जमत नव्हती. बाबा मुद्दाम गप्प बसायचे, मी दोनदा हाक द्यायची, आणि पुढचं वाक्य यायचं तेव्हा मला हसू यायचं. "आय हॅव कंट्रोल" असं बाबांना म्हणायचं! ते वाक्य ओठांपर्यंत येऊन विरघळायचं. मी कधी "बाबा, मी घेऊ का?" म्हणायची, कधी नुसती त्यांच्या बाहीला हात लावायची.

"उगीच परेशान करू नका तिला," आई म्हणाली.

"मी काहीच करत नाहीये. मी बेशुद्ध आहे," बाबा डोळे मिटून म्हणाले.

गुरुवारीही जमलं नाही. बाबांनी खुर्ची जागेवर ठेवली आणि म्हणाले, "मी तुझा बाप आहे, म्हणून जमत नसेल. उद्या डावीकडे बाप नसेल." ते बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

शुक्रवारी सकाळी त्यांनी मला बंडीवरून, म्हणजे त्यांच्या जुन्या स्कूटरवरून, कॅब थांबते त्या चौकापर्यंत सोडलं. "जोरात," एवढंच म्हणाले.

पूल उचलला गेला. मागे प्रशिक्षक. डावीकडे एक नवे कॅप्टन, पन्नाशीचे, धिप्पाड, पिळदार मिशांचे. त्यांना पाहून मी खुर्चीचा पट्टा आणखी एकदा आवळला. समोर ढगाळ दुपार होती. आम्ही चढलो, वळलो, उतरायला लागलो. एकदा वेग जरा घसरला. "स्पीड," मी म्हटलं. "चेक्ड," ते म्हणाले आणि वेग सावरला. वा! मला टाळी वाजवावीशी वाटली. हजार फुटांवर सगळं जागेवर होतं. चाकं बाहेर, वेग बरोबर, धावपट्टी समोर.

मग विमानाचं नाक हळूच खाली झुकलं. खाली जाण्याचा आकडा वाढला. कॅप्टन ताठ बसलेले, हात काठीवर, नजर समोर.

"सिंक रेट."

उत्तर नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि एका क्षणापुरतं मला हिरवं रेक्झिन दिसलं. नक्की दिसलं. धावपट्टी काचेत मोठी होत होती.

"सिंक रेट!"

ते ढिम्म.

"आय हॅव कंट्रोल!"

हेडफोनमध्ये एक आवाज घुमला. खणखणीत, वर्गात हजेरी घ्यावी तसा. तो माझा आहे हे कळायला मला अर्धा क्षण लागला. तोवर माझा अंगठा काठीवरच्या लाल बटणावर दाबलेला होता. ते दाबलं की पलीकडची काठी निकामी होते, सगळं विमान आपलं. यंत्राच्या आवाजानं जाहीर केलं, "प्रायॉरिटी राइट." डाव्या हातानं दोन्ही दांडे पुढे, थेट शेवटपर्यंत. "गो-अराउंड!" म्हणजे उतरायचं रद्द, पुन्हा वर. उजव्या हातानं नाक वर. खोका मागे कलला, पाठ खुर्चीत रुतली, धावपट्टी पायाखालून निघून गेली आणि समोर फक्त ढग. पंखांचे फ्लॅप एक पायरी आत. विमान चढतंय? चढतंय. चाकं वर. ऐकणारं शेजारी कोणी नव्हतं, तरी मी प्रत्येक गोष्ट मोठ्यानं बोलत होते, आणि मला थांबावंसंच वाटत नव्हतं. रेडिओवर कळवलं की कॅप्टन बेशुद्ध आहेत, विमान माझ्याकडे आहे, आम्हाला आधी उतरू द्या, खाली डॉक्टर हवेत. कॅप्टन आता मान टाकून पडले होते, पण त्यांचा एक डोळा किलकिला होता आणि मिशी हलत होती. मी गोल वळसा घालून विमान उतरवलं. चाकं टेकली तेव्हा जरा दणका बसला.

"आहिस्ता," बेशुद्ध कॅप्टन पुटपुटले.

प्रशिक्षकांनी सगळं पडद्यावर पुन्हा लावून दाखवलं. पहिली हाक सहाशे चाळीस फुटांवर. दुसरी पाचशे ऐंशीवर. विमान घेतलं तेव्हा पाचशे चाळीस. उतरतानाच्या दणक्याबद्दल त्यांनी मला पुरतं झापलं, मग कागदावर सही केली.

"आज सिग्नल नहीं था?" त्यांनी विचारलं.

"नहीं सर."

घरचा जिना मी दोन-दोन पायऱ्या करत चढले. दार उघडं होतं. बाबा टेबलाशी होते, फोन कानाला, समोर फाइल उघडी, पलीकडे कोणी अशील जमिनीची हकिकत पहिल्यापासून सांगत असावा. पाय आपोआप टेबलाच्या उजव्या कोपऱ्याशी गेले आणि तिथं थांबले. पेन उघडं होतं. अर्धा तास तरी लागला असता.

"बाबा."

त्यांनी डावा हात वर करून थांब म्हटलं, न पाहता.

"बाबा!"

हात तसाच. मी वाकून त्यांच्या कानापासून फोन काढून घेतला. "साहेब तुम्हाला थोड्या वेळानं फोन करतील," मी त्या माणसाला सांगितलं आणि फोन बंद केला.

बाबांचा चेहरा लाल झाला. स्वयंपाकघराच्या दारात आई पळी हातात घेऊन उभी राहिली. मला वाटलं, आता काही खरं नाही.

"किती फुटांवर?" बाबांनी विचारलं.

"काय?"

"विमान कितीवर घेतलंस?"

"पाचशे चाळीस."

"पहिली हाक?"

"सहाशे चाळीसला. दुसरी पाचशे ऐंशीला."

"मध्ये किती वेळ गेला?"

"तीन सेकंद."

"जास्त झाला," बाबा म्हणाले. त्यांनी पेनाला टोपण लावलं, फाइल मिटली आणि मला खुर्चीकडे बोट दाखवलं. टेबलासमोरच्या, अशिलांच्या खुर्चीकडे. मी तिथं कधी बसले नव्हते. "बस. पहिल्यापासून सांग."

मी सांगायला लागले. पूल उचलला तिथपासून. मिशा, ढग, लाल बटण, सगळं. मी हातवारे करत होते, मध्येच उभी राहत होते, आवाज बहुधा खालच्या मजल्यापर्यंत जात होता. फोन पुन्हा वाजला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. आईनं तो उचलून आत नेला, आणि लगेच परत आली. "थांब थांब," ती म्हणाली, "मिशांपासून पुन्हा."